आयुबचाचांचं ‘न्हाय’

तेरखेड्याच्या आमच्या फटाका कारखान्यात आयुबचाचा गोदामाचा स्टॉक लिहितात. त्यांची एक्सेल फाईल उघडली की विचारायची, ‘जुन्या डेटाबेसमधून माहिती आणू का?’ तो डेटाबेस असलेला कॉम्प्युटर भंगारात जाऊन सात वर्षं झाली. तरी चाचा रोज चष्मा पुसून ‘नाही’ दाबायचे.

शेजारच्या टेबलावरून बघून बघून माझंच डोकं फिरलं. दहा ओळींचा कोड लिहून मी फाईलमधल्या त्या जुन्या डेटाबेसच्या सगळ्या लिंका काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी चाचांनी फाईल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली.

“मिनाज, हिनं कायी विचारलंच न्हाय.”

“आता विचारणारच न्हाय, चाचा. कटकट गेली!”

त्यांचा चेहरा उतरला. “मालकाला जी, मुकादमाला जी, घरी तुझ्या चाचीला जी. दिवसभरात म्या एकट्या हिलाच न्हाय म्हनायचो.”

मी कपाळावर हात मारला. मग दोन ओळी वाढवून तोच प्रश्न परत लावला. आता काहीही दाबलं तरी होत काहीच नाही.

चाचांनी चष्मा पुसला आणि ‘नाही’वर असं बोट आपटलं, की माउस टेबलावरून खालीच पडला.