मावशीला मी हीच देते

हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तर नाहीच – आणि तुम्हाला मी काय काय सांगत आले! भाकरी का फुगत नाही ते सांगितलं, लोणावळ्यात गर्दीच्या दिवसांत गाडी कुठं लावायची ते सांगितलं, सासूबाईंशी झालेलं भांडणसुद्धा हसत हसत सांगितलं. तुम्हाला वाटलं, ही बाई काही लपवत नाही. तसं वाटू द्यायला मला आवडायचं.

एक आधीच सांगून टाकते. ‘ताई, किती प्रामाणिक आहात’ असं खाली कुणी लिहिलं, तर मी ते काढून टाकीन. प्रामाणिक माणूस वेळेवर बोलतो. मी वेळेवर बोलले नाही.

माझ्यासारखंच मोबाइलवर पान चालवणारी एक मैत्रीण आहे. लिहायच्या आधी तिला विचारलं. ती म्हणाली, लिहायचंच असेल तर ‘कंपनीनं मला फसवलं’ असं लिही, लोक समजून घेतील. नाही लिहिणार. मला कुणीही फसवलं नव्हतं. आणि त्या कंपनीचं नावही मी इथं देणार नाही. का माहीत आहे? नाव मिळालं की तुम्ही तिकडे धावाल, शिव्या तिकडे द्याल, आणि मी अलगद बाजूला राहीन. राग धरायचा असेल तर मी इथं आहे.

गोष्ट चिक्कीची आहे.

आमच्या लोणावळ्यात चिक्कीला तोटा नाही, हे मी सांगायला नको. पण ही चिक्की वेगळी होती – म्हणजे तसं तिच्या डब्यावर लिहिलं होतं. ‘साखर नाही’, आणि त्याखाली, ‘शुगर असणाऱ्यांनीही खावी’. मालक तरुण होता, बोलायला गोड. माझं पान पाहून त्यानं फोन केला. पैसे बरे देत होता. अट एकच – ही जाहिरात आहे असं कुठं लिहायचं नाही. घरगुती वाटलं पाहिजे. मी हो म्हटलं.

मला पैशांची गरज होती का? नव्हती. नवऱ्याची नोकरी नीट चालू होती, घर स्वतःचं होतं. मला फक्त, कुणीतरी आपल्याला मोठं समजून बोलावलं, याचं सुख झालं होतं. एवढ्यावर मी विकले गेले. एवढ्यावर माणूस विकला जातो.

व्हिडिओसाठी मी वलवणच्या बाजूला त्यांच्या शेडमध्ये गेले. मोठ्या कढईत पाक उकळत होता. वासावरूनच कळलं. लहानपणापासून इथं राहिलेल्या बाईला गुळाच्या पाकाचा वास कळणार नाही? भिंतीला गुळाच्या ढेपी रचलेल्या होत्या, शेजारी ग्लुकोजचे डबे. मी मालकाला विचारलं, हे काय? तो हसला. म्हणाला, “ताई, साखर नाही असं लिहिलंय. गूळ नाही असं कुठं लिहिलंय?”

मी काय केलं? मीही हसले. आणि फोन जरा डावीकडे वळवला, म्हणजे ढेपी दिसणार नाहीत. त्यानं सांगितलं म्हणून नव्हे. मला स्वतःलाच सुचलं.

मग तो म्हणाला, घरातल्या कुणाचं तरी नाव घ्या, लोकांचा विश्वास बसतो. आणि चालू व्हिडिओत माझ्या तोंडातून सहज निघून गेलं – “माझ्या मावशीला शुगर आहे. मावशीला मी हीच देते.”

मावशी खरी होती. शुगरही खरी होती. देते, हे खोटं होतं.

माझी ही मावशी – हौसामावशी – तळेगावजवळच्या आंबीला असायची. आई लवकर गेली, तेव्हापासून माझी प्रत्येक सुट्टी तिच्याकडे. तिचा मुलगा दत्ता माझ्यापेक्षा लहान, आता तिथल्याच एका कंपनीत कामाला आहे. मंगल त्याची बायको. शेती, गुरं आणि मावशीचं औषधपाणी – सगळं मंगलकडे. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून मावशीनं सणालासुद्धा पुरणपोळीचा घास तोंडात घातला नव्हता. तिला घालू दिला नव्हता. मंगल त्या बाबतीत कडक होती.

व्हिडिओ खूप चालला. खाली लोक विचारत होते. एकानं लिहिलं होतं – माझ्या वडिलांना शुगर आहे, त्यांना दिली तर चालेल ना ताई? मी उत्तर दिलं, ‘बिनधास्त द्या’, आणि पुढं एक हसरा चेहरा टाकला. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. मी कोण होते बिनधास्त द्या म्हणणारी? डॉक्टर? त्या माणसाची मुलगी?

चार दिवसांनी मावशीचा फोन आला. शेजारच्या सुनेनं तिला व्हिडिओ दाखवला होता. मावशी लटक्या रागानं बोलत होती. “माझं नाव सगळ्या गावाला सांगितलंस. पर मला कुटं दिलीस गं चिक्की?”

इथं थांबा जरा. इथं मला संधी होती – हे तुम्हीही पाहा, मीही इतकी वर्षं पाहतेच आहे. ‘मावशी, ते तसंच बोलायचं असतं, तू खाऊ नकोस,’ असं म्हणता आलं असतं. पाच सेकंदांचं काम. ती हसली असती, मला चार शब्द ऐकवले असते, विसरली असती. पण मी खोटं बोलते हे मावशीला कळलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी खोटं खरं करायला निघाले. कंपनीनं दिलेले डबे घेतले आणि आंबीला गेले.

मंगलनं डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मला विचारलं, “ताई, ह्यांना चालंल न्हवं? डॉक्टर तर गोड न्हाईच म्हनलेत.”

मी म्हणाले, “अगं, चालते म्हणूनच तर आणली.”

मंगलनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी शिकलेली, लोणावळ्यात राहणारी, मोबाइलवर दिसणारी. मावशीनं चिक्कीचा तुकडा दाढेखाली धरला, डोळे मिटले. मग तोंडावरून पदर फिरवत म्हणाली, “लय दिसांनी गं.” मी तेव्हा तिच्या शेजारी बसले होते. माझा हात तिच्या पाठीवर होता.

त्यानंतर मी डबे पाठवत राहिले. पहिला डबा नेणं एक वेळ घाईत झालं, असं म्हणता येईल. पुढचे? पुढचे मी सवडीनं पाठवले. मावशी रोज खायची, मंगल स्वतः काढून द्यायची.

पुढच्या वर्षी मावशीच्या पायाला खाचरात काहीतरी लागलं. जखम भरेना. तिनं चार दिवस कुणाला सांगितलं नाही, मग पाय काळा पडायला लागला. तळेगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर भलतीच वाढलेली होती. उजव्या पायाची बोटं काढावी लागली.

मला ठाऊक आहे, तुमच्यातला कुणीतरी आता म्हणेल – एका चिक्कीनं असं होत नाही, ती अनवाणी चालत होती, जखम लपवली, वय झालं होतं. बरोबर आहे. डॉक्टरांनीही एका गोष्टीवर बोट ठेवलं नाही. याच आडोशाला मी इतकी वर्षं उभी होते. आता कृपा करून तो आडोसा मला पुन्हा देऊ नका.

कारण मला जे सांगायचं आहे, ते पुढं आहे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे उभे होतो. दत्ता, मंगल, माझे दोन मामा, मी. डॉक्टर विचारून गेले होते, की यांच्या खाण्यावर कुणाचं लक्ष असतं? त्यावर दत्ता मंगलला बोलायला लागला. सगळ्यांच्या देखत. घरात असून तुला एका म्हातारीचं पथ्य सांभाळता येत नाही, असलं काहीबाही. मंगल गोंधळली होती. काय दिलं, कधी दिलं, ती आठवायला बघत होती. चिक्कीचं नाव तिच्या तोंडी आलं नाही – कारण तिच्या लेखी चिक्की निर्दोष होती. ताईनं आणलेली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तू काय म्हणतेस, असं विचारल्यासारखं. आणि मी बोलले. गप्प बसले असते तरी एक वेळ भित्री म्हणून सुटले असते. मी म्हणाले, “घरी पथ्याकडं जरा दुर्लक्षच झालंय.”

हे माझे शब्द. शांतपणे, समजूतदार आवाजात, जसं तुमच्याशी बोलायचे तसं.

मंगलनं मान खाली घातली. मामांनी मान हलवली. तिथल्या तिथं निकाल लागला.

त्याच संध्याकाळी मी तो व्हिडिओ काढून टाकला. गुपचूप. ‘बिनधास्त द्या’ त्याच्याबरोबर गेलं. ज्यानं वडिलांसाठी विचारलं होतं, त्याला मी काही कळवलं नाही. आणखी कितीजणांनी घरी नेली असेल, मला माहीत नाही. मावशीचा पाय मी पाहिला. बाकीच्यांचे पाय मी पाहिलेले नाहीत – म्हणून ते धड आहेत असं मी समजायचं का?

मावशी घरी आली. काठी घेऊन चालायला लागली. एकदा मी भेटायला गेले तर हळूच विचारते, “ती तुजी चिक्की आता बी चालंल का गं?” मी सांगितलं, ती कंपनी बंद पडली. कंपनी चालू होती. येता-जाता मी त्यांचे डबे दुकानात पाहत होते.

मावशी गेल्या वर्षी गेली, हृदयविकारानं. तिच्या वर्षश्राद्धाला आम्ही सगळे आंबीत जमलो. जेवताना धाकटे मामा म्हणाले, मंगलनं नीट बघितलं असतं तर आक्का आज असती. मंगल वाढत होती. तिनं ऐकलं, आणि पुढच्या पानावर आमटी वाढली. इतक्या वर्षांत तिला त्याची सवय झाली होती. मी? मी समोरचा घास उचलला आणि खाल्ला. ताट स्वच्छ करून उठले.

घरी आल्यावर मात्र मला स्वतःची किळस आली. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द नकोत. किळस.

पंधरा दिवसांनी, रविवारी, मी पुन्हा आंबीला गेले. दत्ताला सुट्टी होती. मंगल पडवीत पावटा सोलत होती. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. शेड, गूळ, डबे, दवाखान्यातलं बोलणं. मध्ये कुठं थांबले नाही, रडले नाही. रडले असते तर मंगलला उठून मला पाणी द्यावं लागलं असतं.

दत्ताला आधी चिक्कीच आठवेना. मग आठवली. त्यानं मंगलकडे पाहिलं, आणि उठून मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेला. तिला काय सांगायचं ते त्यानं त्याचं त्याचं ठरवावं. मी त्याच्या वतीनं काही बोलणार नाही.

मंगल शेंगा सोलत राहिली. मान वर न करता म्हणाली, “मला वाटलं, भातानंच झालं.”

मला कळलं नाही. ती पुढं म्हणाली, “दवाखान्यातनं आणल्यावर मी त्यांचा भात तोडला, ताई. पार तोडला. घरचा इंद्रायनी, सगळं घर खातंय, आन् त्या ताटाकडं बघत बसायच्या. मूठभर दे म्हनायच्या. मी न्हाई दिला. मरस्तवर न्हाई दिला.”

यावर काय बोलायचं असतं? तुम्हाला माहीत असेल तरी सांगू नका.

मी म्हटलं, मामांना मी सांगते, सगळ्या नातेवाइकांना सांगते. मंगलनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “त्यांना तर सांगाच. पर मोबाइलवर जितं ती चिक्की सांगितलीत ना, तितं बी सांगा. त्याच तोंडानं.”

मामांना मी त्याच दिवशी फोन केला. आणि आज हे इथं लिहिलं. मंगलचं काहीही चुकलं नव्हतं.

त्या रविवारी मी उठले तेव्हा जेवायची वेळ झाली होती. त्या घरातून मी आजवर कधी न जेवता निघाले नव्हते. कुणी निघूच दिलं नव्हतं. मंगलनं बसा म्हटलं नाही. तिनं सोललेल्या पावट्याचं ताट उचललं आणि ती आत गेली. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.