ब्रह्मदेशातून आलेलं बिऱ्हाड

पोळ्याच्या आधीचा रविवार होता. अमरावतीतल्या आमच्या चर्चमध्ये उपासना संपली, तरी पाळकसाहेबांनी आम्हाला उठू दिलं नाही. दिल्लीहून त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला होता. म्यानमारमधलं, म्हणजे आपल्या जुन्या ब्रह्मदेशातलं, एक ख्रिस्ती कुटुंब तिथे आणखी दोन कुटुंबांबरोबर एकाच खोलीत राहत होतं. नवरा, बायको, सात वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची म्हातारी आई. तिकडच्या यादवीत त्यांच्या गावावर लष्कराच्या विमानांनी बॉम्ब टाकले. घर जळालं, आणि ही माणसं डोंगर ओलांडून मिझोराममध्ये आली, तिथून दिल्लीला. म्हातारीला मोतीबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नव्हतं.

"आपल्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत," एवढंच बोलून पाळकसाहेब खाली बसले.

मी तेव्हा महिला मंडळाची सेक्रेटरी होते. सारा जन्म नर्सची नोकरी करून नुकतीच रिटायर झाले होते आणि घरी बसून जीव जात होता. मी उभी राहिले. म्हटलं, "येऊ द्या. डोळ्यांचं मी पाहते."

खोल्या रिकाम्या कसल्या, मोडक्या बाकांनी भरलेल्या होत्या. ती बाकं व्हरांड्यात काढली, भिंतींना चुना मारला, गॅस बसवला. परदेशी माणसांची पोलिसांकडे नोंद करावी लागते, त्यासाठी पाळकसाहेबांनी चकरा मारल्या. आणि ते बिऱ्हाड बडनेरा स्टेशनवर उतरलं, तेव्हा हार घेऊन आम्ही वीस-बावीस जण फलाटावर हजर होतो. आमची ती फौज अंगावर येताना पाहून नवऱ्याने बायको-मुलीला मागे ओढलं आणि स्वतः पुढे उभा राहिला. तो घाबरला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पहिले तीन दिवस आम्ही त्यांच्यावर प्रेमाचा नुसता मारा केला. भर उकाड्यात अकरा ब्लँकेटं जमली. प्रत्येक घरून डबा आला आणि प्रत्येक डब्यात आपलं झणझणीत वऱ्हाडी तिखट. पोरगी एक घास खायची आणि तांब्याभर पाणी प्यायची. कोण कधी टपकेल याचा नेम नसल्यामुळे ती चौघं सकाळपासून धुतलेले कपडे घालून ओळीने बसून असत. चौथ्या दिवशी नवरा माझ्याकडे आला. दिल्लीत शिकलेल्या तुटक हिंदीत म्हणाला, "दीदी, एक बात बोलूँ? आप लोग बहुत अच्छे हैं. पर हम थक गए."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी खुर्ची टाकून बसले. आमच्या मंडळीतल्या सगळ्यात बोलक्या बाई डबा घेऊन आल्याच.

"आठ दिवस कोणी यायचं नाही," मी म्हटलं. "झोपू द्या त्याइले."

"आमी का वाघ होय का?"

"वाघ नाही बाप्पा, पण वाघ बोलत तरी नाही!"

बाई फणकाऱ्याने गेल्या. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, नवव्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी हजर. या वेळी बिनतिखटाचं वरण घेऊन.

त्याच सुमारास मी सुनेला, म्हणजे त्या मुलीच्या आईला, इतवारा बाजारात घेऊन गेले. भातकुलीकडची एक माळीण भाज्यांच्या जुड्या लावून बसली होती. सून तिच्यापुढे अचानक थांबली. अंबाडीचं एक पान तोडून तिने तोंडात टाकलं, आणि तिथेच खाली बसून तोंडावर हात ठेवून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

माळीण म्हणाली, "कावून हासून राहिली ते?"

"तिच्या गावची भाजी दिसली तिले."

"कोणतं गाव?"

"ब्रह्मदेश."

"लय दूर होय का?"

"हाव, लय दूर."

"मंग एका जुडीत काय होते? घे म्हणा अजून," असं म्हणून माळणीने दोन जुड्या वरून टाकल्या.

आपण अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालतो. सुनेने घरी येऊन सुकट घातली, आणि तेल अगदी नावाला. मी तीनदा भात घेतला. पुढच्या महिन्यात चर्चच्या जेवणाचं मोठं पातेलं तिच्याकडे गेलं, आणि आमच्या बायका तिच्या हाताखाली मुकाट्याने लसूण सोलत बसल्या. नवरा मूळचा सुतार. आम्ही व्हरांड्यात काढलेली मोडकी बाकं त्याने कोणी न सांगता एकेक करून दुरुस्त केली. समोरच्या घरातल्या रिटायर्ड मुख्याध्यापिका बौद्ध, आमच्या चर्चमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. त्या एका सकाळी मुलीचं बोट धरून थेट शाळेत गेल्या. "कागद येत राहतील, पोरगी आजच बसवा," असं सांगून तिला वर्गात बसवूनच परतल्या.

मग आला आजींचा डोळा. माझी एक जुनी मैत्रीण अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. तिने तारीख मिळवून दिली. पण आजी माझ्याबरोबर यायला तयार होईनात. मी जवळ गेले की अंग चोरायच्या, हात धरला की तो हळूच सोडवून घ्यायच्या. शेवटी मुलगा सोबत निघाला, तेव्हा कुठे आल्या. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात मी धीर द्यायला म्हटलं, "आजी, घाबरू नका! काही होत नाही!" तर त्या खाटेवर पार भिंतीला टेकल्या.

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "दीदी, माँ पूछ रही है, इस औरत को मुझ पर इतना गुस्सा क्यों है?"

आम्ही वऱ्हाडातली माणसं बोलतोच अशी. त्यात माझा जन्म वॉर्डात ओरडण्यात गेलेला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. आजींनी आधी वरचा पंखा पाहिला. मग मुलाचा चेहरा पाहिला, फार वेळ, त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस बोटांनी चाचपून. मला राहवलं नाही. "दिसून राहिलं का आजी?" मी हसून विचारलं. आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या. डोळ्यावर ताण येईल म्हणून डॉक्टर रागावले, तरी थांबेनात.

"माँ बोल रही है," मुलगा म्हणाला, "ये तो हँस रही है! आवाज़ से लगा था, कोई लंबी, दुबली, गुस्सेवाली औरत होगी."

मी ठेंगणी आणि चांगलीच गोल आहे. परतीच्या गाडीत अमरावती येईपर्यंत आजींनी माझा हात सोडला नाही.

सगळेच दिवस असे नव्हते. हिवाळ्यात एकदा गावाकडून फोन आला, सुनेचा भाऊ गेल्याचा. त्या दिवशी खोल्यांत चूल पेटली नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, काही न बोलता. मला ते फार जड गेलं. संध्याकाळी बोलक्या बाई आल्या, त्यासुद्धा गप्प बसल्या.

अजून ते इथेच आहेत. निर्वासितांच्या कार्डाची मुदत वाढवायला दिल्लीला जाऊन येतात. किती दिवस राहणार, ते त्यांनाही ठाऊक नाही आणि आम्हीही विचारत नाही. पोरगी आता माझ्याहून ठसक्यात वऱ्हाडी बोलते.

परवा चर्चची सहल चिखलदऱ्याला गेली होती. घाट चढून वर आलो तर धुकं विरत चाललेलं. आजी जीपमधून उतरल्या, चारी बाजूंचे डोंगर पाहिले, चप्पल काढून हातात घेतली आणि आपल्याच गावच्या डोंगरात असल्यासारख्या चढणीच्या पायवाटेला लागल्या. आम्ही हाका मारत मागे धावलो. सत्तरीची बाई, पडली तर? अर्ध्या वाटेत मी धापा टाकत दगडावर बसले. वरून त्यांनी वळून पाहिलं, खाली आल्या, माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि मला हाताला धरून वर न्यायला लागल्या.