चरबी न घातलेली खळ

दोब्रा हुबेनोवाच्या हातांना अजून खळीचा वास येतो, असं मी म्हटलं की ती चिडते. गिरणी बंद होऊन वीस वर्षं झाली, वास कसला येतोय, म्हणते. पण एकतीस वर्षं तिने मागावर चढायच्या सुताला खळ दिली. बटाट्याचं सत्त्व, सरस आणि थोडी चरबी, म्हणजे सूत मऊ राहतं. प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. ते तिच्या डोक्यात होतं आणि अजून आहे.

मी वेसा, तिच्याच पाळीत मागावर होते. नंतर त्याच इमारतीत मी खोल्या झाडायला लागले, कारण गिरणीचं हॉटेल झालं, आणि हॉटेल गेर्चेवचं.

हा गेर्चेव आमच्या युनियनचा सेक्रेटरी. एक मेच्या कामगार दिनाला आमच्या छातीवर लाल फूल खोचायचा आणि डोळ्यांत पाणी आणून बोलायचा. कम्युनिस्टांचं राज्य गेलं, सरकारी गिरणी विकायला निघाली आणि हा तिचा मालक झाला, कसा ते त्यालाच ठाऊक. वर्षभरात माग तोडून भंगारात घातले. "बायांनो, काळ बदलला," म्हणाला. काळाला पुढे करून मेला मागच्या दाराने माग बाहेर काढत होता.

आमच्याकडे माणूस गेलं की फोटो घातलेलं शोकपत्रक त्याच्या दारावर चिकटवतात, आणि दर वर्षी त्याच तारखेला पुन्हा. दोब्राने गिरणीचंच शोकपत्रक काढायला सुरुवात केली. दर तीन ऑक्टोबरला आम्ही फाटकाशी जमतो, कागद चिकटवतो, मेलेल्याच्या नावाने वाटतात तसे साखर घातलेले शिजवलेले गहू वाटतो, खाणारा "देव त्याला क्षमा करो" म्हणतो, आणि मग खात्याखात्याने हजेरी घेतो. गेलेल्याचं नाव आलं की त्याच्या शेजारी काम करणारा "हजर" म्हणतो. दोब्राची बहीण पेना माझ्या शेजारच्या मागावर होती. तिच्या नावाला मी म्हणते. चार ऑक्टोबरला गेर्चेवचा माणूस येऊन कागद फाडतो. साध्या गोंदाचा कागद, लगेच निघतो.

पूर्वी फाटकातून आत आलं की उत्तम कामगारांचा फळा दिसायचा. चौदा फोटो, खाली नावं. चौदाही जण आता गेले. गेर्चेवने तो फळा इतकी वर्षं दडवून ठेवला होता. हॉटेल उघडायच्या आठवड्यात त्याने फोटो बाहेर काढले, नावं कापली आणि चौदा खोल्यांच्या दारांवर लावले. नावाच्या जागी आकडा. पेना झाली सात नंबर.

मी सांगितल्यावर दोब्रा त्याच्याकडे गेली. मी कॉरिडॉर पुसत होते, सगळं ऐकलं.

"आकडे असू देत. पण खाली नावं लिही. मी सांगते, चौदाही पाठ आहेत मला."

"मावशी, लोक इथे झोपायला येणार. मेलेल्यांची नावं वाचायला हे काय स्मशान आहे?"

"सातवर माझी बहीण आहे."

"चांगली दिसते. खोली पटकन जाईल."

बाहेर आल्यावर ती रडेल असं मला वाटलं. तिने विचारलं, "वेसे, उद्घाटन कधी?"

"शनिवारी दुपारी."

"किल्ल्या तुझ्याकडेच ना?"

"सकाळी आठपासून. पण माझी नोकरी जाईल गं."

"जाईल," ती म्हणाली. नुसतं एवढंच. मला तिचा भयंकर राग आला. मग झाडू घेऊन सात नंबरसमोर गेले, पेनाकडे बघितलं आणि राग कुणावर काढायचा ते कळलं.

शनिवारी ती डबा घेऊन मागच्या दाराने आली. मी झाकण उघडून वास घेतला. "चरबी विसरलीस."

"घातलीच नाही. कागद कशाला मऊ राहायला हवा?"

आम्ही चौदा दारांवर चौदा शोकपत्रकं लावली. प्रत्येकावर नाव, खातं, किती वर्षं काम केलं, आणि शेवटी "शोकाकुल: सगळी पाळी". पंधरावा कागद तिने एकटीने लावला, कॉरिडॉरच्या टोकाला. दहापर्यंत खळ दगडासारखी वाळली. गेर्चेव सकाळपासून खाली पाहुण्यांच्या तयारीत होता, वर फिरकलाच नाही.

दुपारी सोफियाहून पाहुणे आले, कॅमेरेवाले आले. दारात आमच्या बाया गव्हाचे पेले घेऊन उभ्या. कॅमेऱ्यासमोर गेर्चेव हाकलणार कसा? हसत हसत पेला घेतला. लहानपणापासून लागलेली सवय, चमचा तोंडात घालता घालता म्हणाला, "देव त्याला क्षमा करो." कुणाच्या नावाचे गहू, ते विचारलं नाही. पेला हातात घेऊनच पाहुण्यांना वर घेऊन गेला. आम्ही मागोमाग.

पहिल्या दाराशी एक बाई मोठ्याने वाचायला लागली. दुसऱ्या दाराशी तिचा आवाज उतरला. तिसऱ्याशी पुरुषांनी टोप्या काढल्या. गेर्चेव नखाने कागद खरवडत होता. दाराचा नवा रंग निघाला, अक्षर एक निघालं नाही. मला इतका आनंद झाला की मी भिंतीला टेकले. सातव्या दाराशी त्या बाईने पेनाचं नाव वाचलं आणि मी म्हटलं, "हजर." नोकरी गेली ती तिथेच.

तो पाहुण्यांना घाईघाईने आपल्या ऑफिसकडे घेऊन गेला. ऑफिसच्या दारावर पंधरावा कागद. छातीवर लाल फूल लावलेला तरुण गेर्चेव. मृत्यू: गिरणी बंद झाली ती तारीख. शोकाकुल: कोणी नाही.

"हे काय आहे?" त्याचा आवाज चिरका झाला. "मी जिवंत आहे."

दोब्राने त्याच्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. तळाशी दोन दाणे उरले होते.

"ते गहू तुझेच होते," ती म्हणाली. "क्षमेचं तू स्वतःच म्हणालास ते बरं झालं. आमच्यातलं कुणी म्हणणार नव्हतं."