केरबा गुळव्याची लाल गोळी

चहाचा पेला तोंडाला लावण्याआधी केरबा त्याचा वास घ्यायचा. रोज. बायकोच्या हातचा असला तरी. शिरोळकडच्या गुऱ्हाळांवर तो गुळव्या होता. उकळत्या रसाच्या वासावरून काहील कधी उतरवायची ते सांगायचा, आणि माणसांनाही तसाच हुंगून पाहायचा.

एकोणनव्वद साली त्याचा ताप-खोकला हटेना. अंगातली बंडी लोंबू लागली. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी बेडका आणायला डबी दिली. एवढ्या शिकल्या माणसाच्या हातात घाण कशी द्यायची, म्हणून केरबाने खळखळून चुळा भरल्या आणि स्वच्छ थुंकी नेऊन दिली. तपासणीत काही निघाले नाही.

"छातीतून खाकरून काढलेला हवा होता," डॉक्टर म्हणाले.

"त्ये तुमच्या म्होरं ठेवायचं व्हय?"

पुढच्या वेळी खरा बेडका दिला, तरी काही दिसेना. तेव्हा डॉक्टरांनाच शंका आली. त्यांनी मानेतल्या गाठीत सुई घातली, रक्त पुण्याला पाठवले. गाठीत क्षय निघाला, रक्तात एड्स.

"क्षय बरा होईल. दुसऱ्यावर आपल्याकडे औषध नाही. पण गोळ्या चुकवल्या, तर क्षयच आधी नेईल."

केरबा उठून बाहेर गेला. डॉक्टर सोबत आलेल्या त्याच्या बायकोला, बाळाबाईला म्हणाले, "या गोळीने लघवी लाल होईल. औषधाचा रंग आहे. घाबरू नका म्हणावं."

तिने ते सांगितले नाही. तिच्या रक्तात काही निघाले नव्हते; पण हंगामात नवरा गावोगाव कुठे मुक्काम करतो, हे तिने कधी विचारले नव्हते. आता ती त्याच्याशी बोलतच नव्हती. भाकरी पुढे सरकवायची, गोळी ताटाच्या कडेला ठेवायची.

काही दिवसांनी मोरीत तिला त्याची लघवी लाल नव्हे, पिवळीच दिसली. तिने चुलीतली राख उकरली. लाल गोळ्या अर्धवट वितळून निखाऱ्यांना चिकटल्या होत्या.

"ह्ये काय वो?"

"रगत पडतंय त्यानं. त्यो डॉक्टर मला संपवाय बसलाय. कुणाला सांगू? तू तर बोलत न्हाईस."

"रंग हाय त्यो गोळीचा. मला सांगिटलं हुतं त्येंनी."

"मग मला का न्हाय सांगिटलंस?"

"तुमी तरी मला काय सांगिटलंसा?"

केरबाने राख पुन्हा चुलीत लोटली. मग त्याने हात पुढे केला. तिने गोळी ठेवली. ती नाकाशी नेता नेता तो थांबला आणि तशीच गिळली.

खोकला गेला. अंग भरले. पुढच्या हंगामात तो पुन्हा काहिलीपाशी उभा राहिला, रोगाची कुणकुण लागून मालकाने त्याचा पेला वेगळा ठेवला तरीही. मुक्काम कुठे असतो, हे तिने विचारले नाही, त्याने सांगितले नाही. नंतर जुलाब लागले आणि ते कुठल्याच औषधाने थांबले नाहीत.

शेवटच्या सकाळी बाळाबाईने चहाचा पेला त्याच्या तोंडाला लावला. त्याने वास घेतला नाही. एक घोट गिळून म्हणाला, "गूळ कमी पडलाय की गं."