नकाशात नसलेली पाईप

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा काम सरळ वाटत होतं. माझी सगळी नोकरी रस्ते बांधण्यात झाली. माझ्या हाताखाली काम केलेला महावीर मगदूम आता बिद्रीकडच्या आपल्या गावात शेती बघतो. त्याच्या रानातून नवा महामार्ग जायचा आहे आणि त्याचे वडील संमतीपत्रावर सही करत नाहीत. "सायब, तुम्ही रस्त्यातली माणसं. तुमचं ऐकतील," तो फोनवर म्हणाला. चार शब्द सुनावायला कुणी बोलावलं की मी तिकिटाकडे बघत नाही.

कोल्हापुरात उतरून मंगळवार पेठेत मिसळ खाल्ली. आपणही कमी नाही हे दाखवायला जादा कट (तिखट रस्सा) मागितला आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढून घेतलं. "पावणं, दही देऊ काय?" मालकाने विचारलं. नको म्हणालो, आणि दोन घासांनंतर गुपचूप मागून घेतलं.

पुढे वडाप (माणसं कोंबल्याशिवाय न हलणारी जीप). शेजारच्या मावशींना नव्या रस्त्याबद्दल विचारलं.

"व्हायलाच पायजे की! लेक दिलीया पुण्याला. जायाचं म्हंजे दिवस मोडतोय."

"मग जमीन द्याल?"

"आमच्यातनं न्हाय. पल्याडनं न्या."

सगळी जीप हसली, मीही हसलो. हे उत्तर मी नोकरीभर ऐकलं होतं आणि दर वेळी त्याला स्वार्थ म्हणून मोकळा झालो होतो.

गावाच्या तोंडाला दोन फलक होते. एकावर 'महामार्ग रद्द करा', दुसऱ्यावर 'विकासाला साथ द्या'. अक्षर मात्र एकाच हाताचं. न्यायला आलेला महावीर म्हणाला, "पेंटर एकच हाय गावात. त्याला रान न्हाय, त्यामुळं दोन्हीकडनं काम."

घर जैनांचं, म्हणजे जेवण दिवस मावळायच्या आत. पांढऱ्या रश्श्याची स्वप्नं गुंडाळून ठेवली आणि भाकरी, दोडक्याची भाजी, घट्ट दही यांवर ताव मारला. महावीरचे वडील, अण्णा, बोलले ते फक्त 'वाढा त्यास्नी' एवढंच. महावीरने मात्र मन मोकळं केलं. "अण्णांनी ऊस कारखान्याला घातला, दूध डेअरीला घातलं, त्यावर सगळं उभं केलं. त्येंच्या काळात ते बरोबर. पण माझ्या पोरांनी पण ऊसच लावायचा? रस्त्याकडंला जमीन उरत्या, तिथं हॉटेल काढतो." मला त्याचं पटलं. खरं सांगायचं तर आजही पटतं.

सकाळी अण्णांनी मला रान दाखवायला नेलं, महावीरही बरोबर आला. नदीकाठी ऊस, त्यामागे चढ आणि वर माळावर चाळीसेक घरांची शेती. बांधावर मी रस्त्याचा नकाशा उलगडला आणि माझं व्याख्यान सुरू केलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पायाखाली काठी आपटली.

"हितं खाली पाईप हाय. नदीचं पाणी वर माळाला न्हेत्या. नकाशात दावा."

नकाशात पाईप नव्हती. नुसता हिरवा रंग आणि त्यावरून गेलेली लाल रेघ.

"कागद कुठाय हिचा?" मी विचारलं.

"कागद कशाला? आमच्या बानं शब्द दिलता. परत्येकानं आपल्या रानातनं वाट दिली, सगळ्यांनी मिळून चर खणला."

पाण्याची पाळी कशी, तेही त्यांनी सांगितलं. सुरुवात माळाच्या टोकापासून; नदीलगतच्या अण्णांचा नंबर शेवटी. "बुडख्यावाल्यानं आधी घेतलं तर शेंड्याला काय ऱ्हातंय?" उसाच्या भाषेतला तो हिशोब मला लगेच कळला. अण्णांची सही झाली की भरपाई त्यांना मिळणार, पाईप तुटणार आणि माळ कोरडा पडणार. तिथल्या लोकांना तक्रार करायलाही कागद नाही.

सवयीने बोलून गेलो, "सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात पाईपची नोंद करून घ्या. मग रस्तेवाल्यांना आधी तिची सोय बघावी लागेल."

"लिवा की मग अर्ज."

महावीर पुढे आला. "अण्णा, रस्त्यातनं उरणाऱ्या जमिनीतनं बी हीच पाईप जात्या. नोंद झाली तर हॉटेल बांधता यायचं न्हाय."

"म्हाईत हाय."

अर्ज मी लिहिला. जमीन बापलेकांच्या नावावर, म्हणून सह्या दोन. अण्णांनी केली. महावीरने अर्जातली माळावरच्या घरांची ओळ दोनदा वाचली, मग त्यानेही केली.

एसटी स्टँडवर सोडायला तोच आला. माझी बॅग हातात देताना म्हणाला, "सायब, तुमाला मी बोलवलंतं."

परतीच्या एसटीत मी माझे जुने नकाशे आठवत होतो. त्यांतल्या हिरव्या रंगाखाली काय काय पुरलेलं होतं, ते मी एकदाही विचारलं नव्हतं. त्याची लाज वाटली. तो अर्ज पुन्हा लिहायची वेळ आली तर मी लिहीन. महावीरसमोर जायला मात्र मला अजून धीर होत नाही.