शीबाईंचं खरकटं

कँटीनच्या डाळीत झुरळ निघालं तर त्या वाटी शांतपणे बाजूला सारायच्या आणि भात ताकाशी खायच्या. पण कुणी कॉम्प्युटर उघडा टाकून चहाला गेलेलं दिसलं, की नाकाला पदर लागायचा आणि तोंडातून निघायचं, "शी!" असं दिवसातून वीसदा. म्हणून आम्ही पाठीमागे त्यांना शीबाई म्हणायचो. तोंडावर अर्थात ताई.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे सासरही सुटलं, आणि ओळखीच्या एका बाईच्या मागोमाग बोईसरला येऊन औषधांच्या कारखान्यात स्टोअरला लागले. आलेल्या मालाचं वजन करायचं आणि कॉम्प्युटरवर चढवायचं, एवढंच काम. परत जायला दार नव्हतं, त्यामुळे नोकरी जाईल ही धास्ती पोटदुखीसारखी कायमची. शीबाई शिरगावच्या, मच्छीमारांच्या घरातल्या. कारखान्याचं सगळं रेकॉर्ड क्लाउडवर न्यायचं ठरलं, तेव्हा ते सांभाळायला त्या आल्या.

त्या यायच्या आधी स्टोअरला तिन्ही पाळ्यांत मिळून एकच खातं होतं. त्याचा पासवर्ड वजनकाट्यावर काळ्या मार्करने लिहिलेला. वरून ओटीपी लागायचा, तो यायचा गेटवरच्या वॉचमनच्या फोनवर, कारण गेटवर कुणी ना कुणी असतंच. मग आमचा माणूस दारातून ओरडायचा, "भैया, नंबर बोलो!" आणि वॉचमन ट्रकच्या रांगेवरून एकेक आकडा खणखणीत आवाजात सांगायचा. एकदा त्याला नीट दिसलं नाही, तर उभ्या ट्रकच्या ड्रायव्हरने वाचून दाखवला. शीबाईंनी पहिल्याच दिवशी हे गेटाशी उभं राहून ऐकलं.

"अरे, ही तिजोरीची चावी हाय की भाजीचा भाव?" त्या म्हणाल्या. "शी! मला मळमळायला लागलंय."

वॉचमन हसत म्हणाला, "मॅडम, मासळीच्या घरातून येता आणि मळमळ कसली?"

"मासळीला वास असतो, बाबा. घाण माणूस करतो."

आठवड्याभरात त्यांनी प्रत्येकाचं वेगळं खातं काढलं. माझंही. मी म्हटलं, ताई, मला नको, माझ्या हातून काही बिघडलं तर? त्यांनी माझं ऐकलंच नाही. पडद्यावर माझं नाव आलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. शाळेच्या हजेरीनंतर पहिल्यांदाच मी माझं पूर्ण नाव कुठेतरी बघत होते. "आता तू केलंस ते तुझ्या नावावर," त्या म्हणाल्या, "आणि तू नाय केलंस ते तुझ्या नावावर नाय. समजलं ना, बाय?" त्या वेळी मला अर्धंच समजलं.

जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करायचा, हा त्यांचा नियम. कुणी विसरलं की त्या ओरडायच्या नाहीत, त्याच्या खुर्चीमागे उभ्या राहून विचारायच्या, "जेवलास ना? मग खरकटं कोण उचलणार, तुझी आई?" आमच्याकडे पुरुषसुद्धा या वाक्याने लाजायचे.

क्लाउड म्हणजे काय, हे त्यांनी मला बर्फाच्या खोलीवरून सांगितलं. बंदरावर दहा घरांची मासळी एकाच बर्फाच्या खोलीत असते. खोली थंड ठेवायची, बाहेरचं दार सांभाळायचं, हे मालकाचं काम. "पण आमीच टोपली उघडी टाकली, चावी पोराटोरांना दिली, तर मालक काय करंल? आणि सगळेच म्हणतात, तिकडे दिलंय ना, आता आपल्याला बघायला नको. शी!"

त्यांची सगळ्यांत मोठी ‘शी’ मात्र मी ऐकली ती जुनी खाती तपासताना. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका ऑपरेटरचं खातं अजून चालू होतं आणि पॅकिंगमधले तिघं जण ते वापरत होते, कारण पासवर्ड सोपा होता, त्याच्या मुलीचं नाव. शीबाई त्या तिघांसमोर गेल्या. "मेलेल्या माणसाच्या ताटात जेवताय तिघं? त्याच्या लेकीचं नाव घेऊन?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, किळसेचं. त्यानंतर नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी, त्याच्या पाठीमागे गेट लागायच्या आत बंद व्हायचं.

आणि एवढं करून घाण आली ती वरून. एका रविवारी मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन केळव्याला गेले होते. कुणीतरी बाहेरचा त्यांच्या खात्यात शिरायला बघत होता, म्हणून त्यांच्या फोनवर सारखं विचारणं येत होतं, हे तुम्हीच आहात का? साहेब पाच-सहा वेळा ‘नाही’ म्हणाले. मग जेवणात व्यत्यय नको म्हणून ‘हो’ दाबून मोकळे झाले. हे त्यांनी स्वतःच नंतर हसत सांगितलं होतं. सोमवारी सकाळी बघतो तर कुठल्या औषधात काय किती घातलं त्याची सगळी नोंद गायब.

काम दोन दिवसांत पुन्हा सुरू झालं, कारण शीबाईंनी सगळ्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली होती. पण मुंबईच्या ऑफिसला कारण कळवायचं होतं. साहेबांनी शीबाईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, वजनाचं काहीतरी विचारायचं असेल.

"स्टोअरच्या खात्यातून झालं असं लिहा," साहेब म्हणाले. "ही सातवी शिकलेली. चुकून काहीतरी दाबलं असेल. कोणीही मानेल."

नोकरी गेली तर भाड्याची खोली सोडावी लागेल, मग कुठे, एवढंच माझ्या डोक्यात.

"शी!" शीबाई म्हणाल्या. साहेबांच्या तोंडावर.

"काय म्हणालात?"

"कोण, कधी, कुठल्या फोनवरून शिरलं, ते सगळं लिहून राहतं, साहेब. हिचं खातं शनिवारी संध्याकाळी बंद झालं ते सोमवारी सकाळी उघडलं. तुमचं रविवारी दुपारी, तुमच्याच ‘हो’ने."

"मग ते खोडा."

"नाय खोडता येत. मलापण नाय. मुद्दामच तसं ठेवलंय, माझाच हात कधी घाण झाला तर म्हणून."

माझी नोकरी वाचली. साहेबांचीही वाचली, वरच्यांना समज देऊन भागतं. तीन महिन्यांनी शीबाईंचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं आणि आता तुमची गरज नाही असं त्यांना सांगण्यात आलं. त्या डबा आणि छत्री घेऊन गेटाकडे निघाल्या, तेव्हा मी काट्यापाशी होते. साहेब जिन्यात उभे राहून बघत होते कोण कोण भेटायला जातं ते. मी मान खाली घालून एकच पिंप दोनदा तोललं. त्या दिवशी जी किळस आली, ती साहेबांची नव्हती.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, सुनावतील. तर त्या वैतागल्या होत्या.

"अगं बाय, माझं खातं अजून उघडंच हाय! आता सहज बघितलं तर आत शिरले की मी. सगळं दिसतंय. मी दोनदा मेल टाकला, कोण ढुंकून बघत नाय. शी! माझं खरकटं पडलंय तिथं. उचलायला सांग कुणाला तरी."

ज्यांनी त्यांना बाहेर काढलं त्यांचं सगळं घर शीबाईंच्या हातात होतं, आणि त्या दाराला कडी लावा म्हणून विनवत होत्या.

मी पडदा कुलूपबंद केला आणि केबिनमध्ये गेले. न बोलावता, पहिल्यांदाच.

"साहेब, ताईंचं खातं चालू आहे. बंद करा."

"होईल सावकाश. तुला काय करायचंय?"

"गेलेल्या माणसाचं ताट आहे ते. आत्ता उचला. मी थांबते." मी टेबलासमोरून हलले नाही. त्यांनी नव्या कंपनीच्या मुलाला बोलावलं. त्याने माझ्यासमोर शीबाईंचं नाव शोधलं आणि बंद केलं.

बाहेर येऊन मी फोन लावला. "झालं, ताई."

"तुझ्या डोळ्यांनी पाह्यलंस?"

"पाहिलं."

"मग जा, हात धू आणि जेव," त्या म्हणाल्या. मी नळाखाली हात धरले आणि कितीतरी वेळ धूतच राहिले.