क्लचवाचून पौड

आमच्या ह्यांना एकच विद्या येते, ती म्हणजे क्लच न दाबता मोटारसायकलचा गिअर टाकणं. लग्नाला अठरा वर्षं झाली, आणि अठरा वर्षं मागच्या सीटवर बसून मी तेच व्याख्यान ऐकत आलेय. "ॲक्सिलेटर जरासा सोडायचा, त्याच टायमाला पाय दाबायचा, मग पुन्हा पिळायचा. गाडीला कळलंसुदिक न्हाई पायजे." चहाच्या टपरीवर पाहुणा दिसला की ह्यांचं हे सुरू. क्लचची वायर पंधरा दिवस एका तारेवर लोंबत होती. बदला म्हटलं तर म्हणायचे, "आपल्याला क्लच लागतोच कुटं?"

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. मी उभी राहते म्हटलं. आमच्या मुठा गावात शनिवार-रविवारच्या बंगल्यांमध्ये पोहायचे तलाव भरलेले असतात, आणि आमच्या वस्तीच्या नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी. माझं डोकंच फिरलं होतं त्या नळापायी. हे मात्र गावभर सांगत सुटले, "आपुन उभं ऱ्हातोय." आपुन म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. म्हटलं, आधी अर्ज तर जाऊ दे.

अर्ज द्यायचा शेवटचा दिवस. पौडच्या तहसील कचेरीत दुपारी तीनच्या आत मी स्वतः हजर पाहिजे. सकाळपासून गावातल्या सेवा केंद्राचं मशीन चालेना, ऑनलाइन भरलेल्या अर्जाची प्रिंट निघायलाच दीड वाजला. घरात संडास आहे असा दाखलासुद्धा फाइलमध्ये घातला, पिशवी खांद्याला अडकवली, नवी कडक साडी नेसले आणि निघालो. देवळापुढच्या पटांगणापर्यंत आलो नाही, तोच 'टंग' झालं. वायर तुटली.

माणसाचं तोंड पडावं की नाही? हे खुलले! "बस बघत आता," म्हणाले. गाडी न्यूट्रलवर आणून किक मारली आणि मला म्हणाले, "तू ढकल. गाडी पळाय लागली की मी गिअर टाकतो, तू उडी मारून बस." मी येड्यासारखी ढकलली. ह्यांनी गिअर टाकला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि हे गेले. मी फाइल घेऊन तिथंच.

"अवो, थांबा!"

"थांबता येत न्हाई! बंद पडंल! मी चक्कर मारतो, तू चढ!"

मग त्यांनी पटांगणाला चकरा मारायला सुरुवात केली. पहिल्या चकरेला माझ्या हाताला कॅरिअर लागला आणि चप्पल निघाली. दुसऱ्या चकरेला ह्यांची कॉलर हातात आली, ते ओरडले म्हणून सोडली. टपरीवर आमची विरोधी पार्टी बसली होती. माझा चुलतदीर मधोमध, कारण माझ्याविरुद्ध त्याचीच बायको उभी होती. ती सकाळीच जीपनं जाऊन अर्ज देऊन मोकळी झाली होती. तो तिथून मला शिकवत होता, "वयनी, आदी उजवा पाय! उजवा!" बाकीचे चकरा मोजत होते. गावातल्या गाड्या एक तर उरवड्याला कंपनीत गेलेल्या, नाहीतर ह्या लोकांच्या. मागायची सोय नव्हती. घड्याळात दोनला पाच कमी, आणि माझा उमेदवार-नवरा गोल फिरतोय. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू?

सातव्या चकरेला कोंबडी आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी मेली.

मी जाऊन हँडल धरलं. "उतरा."

"अगं, तुला न्हाई जमायचं. ही कला हाय."

"माहेरी डेअरीला दूध घालायला गाडी कोण न्यायचं? आणि कलेचं तर मला पाठ हाय सगळं. उतरा आणि ढकला."

साडी गुडघ्यापर्यंत खोचली. आत लेगिन्स होती म्हणून निभावलं. हे एकटे ढकलायला लागले, गाडी हलेना, तिथं जरासा चढ आहे. आता आमच्याकडची एक खोड सांगते. बंद गाडी कुणी ढकलताना दिसली की आमचा माणूस बसून राहू शकत नाही. चहा ठेवून चुलतदीर उठला. त्याच्या मागनं अख्खी पार्टी उठली. "व्हय, लावा जोर!" म्हणत सगळ्यांनी ढकललं, आणि मी पाय दाबला. खाडकन गिअर पडला. मागं कुणीतरी म्हणालं, "आरं, आपुन कुणाला ढकलतोय?" तोवर मी पटांगणाच्या बाहेर होते. हे कॅरिअर धरायला धावले, पण त्यांना काही जमलं नाही.

दुसरा गिअर टाकताना गाडीनं असा हिसका दिला की दात वाजले. तिसरा मात्र लोण्यात सुरी जावी तसा पडला. कसं सांगू काय वाटलं! घाटात मी एकटीच मोठ्यानं हसत होते. खाली उतरताना जरा ॲक्सिलेटर देऊन गिअर कमी करायचा, तोही बरोबर बसला. ह्या माणसानं अठरा वर्षं खरंच नीट शिकवलं होतं, हे कबूल करायला हवं.

उरवड्याला गतिरोधकावर जीव मुठीत धरला. पिरंगुटच्या चौकात ट्रकनं अडवलं आणि गाडी बंद पडली. कंपनीतले दोन परप्रांतीय कामगार चालले होते. "भाभीजी, सेल्फ मारो," एक म्हणाला. "क्लच नाही है," मी म्हटलं. त्यानं वाकून तुटलेली वायर बघितली, आणि ढकललं दोघांनी.

पौडला पोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. गाडी कचेरीच्या भिंतीशी नेऊन बंद पाडली. केसांत धूळ, एक चप्पल गावात, साडी तशीच खोचलेली. आत गेले. खिडकीशी पाच-सहा उमेदवार बायका ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीची फाइल तिच्या नवऱ्याच्या हातात होती.

माझा नंबर आला. कारकुनानं माझ्याकडं न बघता माझ्या खांद्यामागं बघितलं. "मिस्टर कुठायत? पुढं पाठवा त्यांना. सह्या कुठं करायच्या ते सांगतो."

"ते मागून येतायत," मी म्हणाले. "पेन इकडं द्या."